पाण्याचं बिल वेगळं, पाण्याचा खर्च वेगळा

मागच्या अंकात सहज लिहिलं की पाण्याच्या खर्चाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि बघतो तर काय, नळाला नसेल इतका जोर पत्रांना. सगळी घेता येणार नाहीत, बरीच एकाच गोष्टीवर होती म्हणून ती एकत्र केलीत, आणि ज्यांनी चार-चार पानं शेजाऱ्यांबद्दल लिहिलीत त्यांची पानं वाचली पण छापत नाहीये, समजून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे पाणी दिवसाआड, ते पण कधी पहाटे पाचला तर कधी साडेसहाला. मी पावणेपाचपासून जागी. नवरा म्हणतो पाणी स्वस्तच आहे की, बिल बघ किती कमी येतं. मला माहितीये की तसं नाहीये पण आकड्यात मांडता येत नाही आणि मग वाद मीच हरते. हिशोब कसा करायचा ते सांगा. (पहाटेची पहारेकरी)

उत्तर: ताई, वाद तुम्हीच जिंकणार, फक्त वही घ्या.

आधी एक ऐकवा घरात. 2001 साली काठमांडूत संशोधकांनी 1500 घरांमध्ये जाऊन नेमका हाच हिशोब केला होता, 2005 मध्ये तो छापून आला. बेभरवशाच्या नळामुळे लोक काय काय करतात त्याचे त्यांनी पाच भाग पाडले, म्हणजे बाहेरून पाणी आणणं, पंपाने खेचणं, साठवणं, शुद्ध करणं आणि विकत घेणं. सगळ्याची बेरीज केली तर सरासरी घराचा हा खर्च पाण्याच्या बिलाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे बिल एक आणि त्याच्या डोक्यावर कुणी न पाठवलेली, आपणच आपल्याला लावलेली दोन बिलं. तुमच्या घरात दुप्पट निघेल की चौपट ते मी सांगू शकत नाही, पण तुमच्या मिस्टरांनी दाखवलेलं बिल म्हणजे हिमनगाचं टोक एवढं नक्की.

आता तुमची वही. वस्तूंपासून सुरू करा: टाकी, पंप, फिल्टर, पिंप, ज्यादा पाइप. प्रत्येकाची किंमत भागिले ती वस्तू किती महिने टिकेल. समजा टाकी 10 वर्षं जाते, म्हणजे 120 महिने, तर टाकीच्या किमतीचा 120 वा भाग दर महिन्याचा खर्च. हे लोक धरतच नाहीत, कारण पैसे एकदाच दिले आणि विसरले. मग दर महिन्याचं: फिल्टरची कार्ट्रिज, विकतचे कॅन, टँकरचा वाटा, प्लंबर. प्लंबर विसरू नका, बॉलकॉक अडकून टाकी रात्रभर वाहिली की तो येतोच येतो.

विजेचं टेन्शन मात्र फार घेऊ नका, बऱ्याच जणांना वाटतं सगळे पैसे मोटर खाते. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर तासभर चालली तर साधारण अर्धा युनिट. रोज अर्धा तास चालली तर महिन्याला सात-आठ युनिट, संपला विषय.

खरी मोठी रक्कम सगळ्यात शेवटी येते आणि ती म्हणजे तुमचा वेळ. हा कुणी धरत नाही कारण त्याची पावती नसते. अशा अभ्यासांमध्ये बरेचदा पाण्यात गेलेल्या तासाची किंमत तासाच्या मजुरीच्या निम्मी धरतात, म्हणजे फुगवून सांगितल्याचा आरोप नको. तुम्ही पण निम्मीच धरा. पावणेपाच ते साडेसहा म्हणजे पावणेदोन तास, दिवसाआड म्हणजे महिन्याला 15 वेळा, सव्वीस तास झाले. सव्वीस तास ताई! जवळपास तीन दिवसांची पूर्ण नोकरी, आणि त्यात अर्धवट झोपेचा दुसरा दिवस धरलेलाच नाही. बाहेरून पाणी आणावं लागतं अशा जगभरातल्या घरांपैकी दहातल्या सात घरांत ते काम बायका-मुलींकडे असतं असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या 2023 च्या अहवालात आहे. तुमच्याकडे नळ घरातच आहे, तरी जागं कोण राहतं ते तुम्हीच लिहिलंय. वही पूर्ण झाली की ती मिस्टरांच्या हातात द्या आणि पुढचा आठवडा अलार्म त्यांच्या उशाशी ठेवा, वाद तिथेच संपेल.

प्रश्न: खालच्या दोन घरांनी डायरेक्ट लाइनला मोटर लावली आहे. ती सुरू झाली की आमचा नळ फुसफुसतो आणि बंद. आता आमच्या घरचे म्हणतात आपण पण लावू, त्यांच्यापेक्षा मोठी. लावावी का?

उत्तर: नका लावू. कारणं दोन आहेत आणि शेजारधर्म हे त्यातलं नाही, तेव्हा उपदेश करतोय असं समजू नका.

एक म्हणजे ही शर्यत आहे आणि त्यात कुणी जिंकत नाही. लाइनमध्ये पाणी तेवढंच असतं, तुम्ही एक हॉर्सपॉवरची लावली की ते दीडची आणणार, मग तुम्ही दोनची, आणि शेवटी सगळ्यांनी मोटरी घेतल्या, सगळ्यांना पूर्वीइतकंच पाणी, फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर मोटर. टोकाच्या घराला तर थेंब नाही.

दुसरं कारण जास्त सिरियस आहे. पाइपात दाब असतो तोवर एखादी जुनी भेग असली तरी पाणी बाहेर गळतं, आत काही येत नाही. मोटरने खेचलं की दाब उलटा होतो आणि भेगेतून बाहेरचं आत ओढलं जातं, आणि बाहेर काय असतं, तर ओली माती आणि पुष्कळ ठिकाणी शेजारून गेलेली ड्रेनेजची लाइन. म्हणजे जे पाणी तुम्ही जोर लावून आणलं त्यातच घाण पण जोर लावून आणली. ठरावीक वेळच पाणी येणाऱ्या लाइनचा हा मूळचाच दोष आहे, पाणी गेलं की पाइप रिकामा आणि त्यात काहीही झिरपतं. हुबळी-धारवाडला एकाच शहरात काही भागांत 24 तास पाणी आणि बाकीच्या भागांत थोडा वेळ, असं होतं, तिथे दोन्हीकडचे नमुने तपासले तर थोडा वेळ येणाऱ्या पाण्यात जंतू सापडण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून पाणी आलं की पहिल्या काही मिनिटांचं गढूळ पाणी पिण्याच्या भांड्यात भरू नका, ते वेगळ्या बादलीत धरा, फरशीला, संडासला वापरा.

मग करायचं काय, तर मोटर हवीच असेल तर मधे टाकी पाहिजे. लाइनचं पाणी आपोआप खालच्या टाकीत पडू दे, आणि मोटर त्या टाकीतून वर चढवू दे, लाइनला हात लावायचा नाही. जागा नसेल तर चार घरं मिळून एक टाकी. खालच्या दोन घरांशी बोलायला जाताना पाण्याच्या वाट्यावर भांडू नका, घाणीचं सांगा. लेकराबाळांच्या पोटाचा विषय निघाला की माणसं पटकन ऐकतात.

प्रश्न: पाणी येण्याआधी नळातून नुसती हवा येते, पाच मिनिटं सूं सूं, आणि मीटर गरागरा फिरतो. हवेचं बिल लागतं का?

उत्तर: लागतं थोडं, हो. चक्रीचा मीटर हवेने पण फिरतो, त्याला काय माहीत आत पाणी आहे की वारा. रिकाम्या लाइनमध्ये पाणी घुसलं की पुढची हवा तुमच्या मीटरमधूनच बाहेर पडते. पाणी नसताना मीटरनंतरचा कॉक बंद ठेवा आणि पाणी पोचल्यावर उघडा, एवढं केलं तरी फरक पडतो (अर्थात पोचलं हे कळायला कुणीतरी जागं पाहिजे, फिरून तिथेच आलो). लाइनवर हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवणं हे खरं पाणी खात्याचं काम, तसा लेखी अर्ज द्या आणि सोबत मीटर कोरडा फिरतानाचा व्हिडिओ जोडा.

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा खजिनदार, कुणी तयार नव्हतं म्हणून झालो. टँकर मागवतो, 10,000 लिटरचे पैसे देतो, पण तेवढं पाणी खरंच येतं का हे कसं बघायचं? आणि खर्च वाटायचा कसा, दर मीटिंगला भांडणं. दोन माणसांचं घर म्हणतं आम्ही सात माणसांइतकं का द्यायचं.

उत्तर: पहिला प्रश्न सोपा, टेप आणि काठी पाहिजे. जमिनीखालच्या टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. समजा 4 मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे 10 चौरस मीटर. अशा टाकीत पाणी 1 सेंटिमीटर चढलं की 100 लिटर आलं. 10,000 लिटरला बरोबर 1 मीटर चढलं पाहिजे. एका सरळ काठीवर खुणा करून ठेवा, टँकर लागायच्या आधी बुडवून बघा, वरची मोटर बंद, लाइनचा कॉक बंद, टँकर पूर्ण रिकामा होऊ द्या, परत बुडवा. 84 सेंटिमीटर चढलं तर 8,400 लिटर आलं. तुमच्या टाकीची मापं वेगळी असतील, लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये काढा आणि त्याला 10 ने गुणा, तेवढे लिटर दर सेंटिमीटरला. टाकीत मधे खांब असेल तर तेवढा वजा करा.

आमच्या एका वाचकांनी कळवलं होतं की काठी घेऊन तीनदा उभे राहिले तर चौथ्या वेळेपासून पाणी आपोआप पुरेसं यायला लागलं, एक शब्द न बोलता. बघणारं कुणी आहे एवढं कळलं की पुरतं.

वाटणीचं मात्र अवघड आहे आणि सगळ्यांना खूश करणारी पद्धत नाही हे आधीच मान्य करा. घरटी सारखे पैसे ही पद्धत सोपी पण त्यात पाणी वाचवणारा मूर्ख ठरतो. माणशी वाटली तर पाहुणे मोजत बसायचं आणि खोटं बोलायला लावायचं. मीटर सगळ्यात न्याय्य, पण जुन्या बिल्डिंगीत एकाच फ्लॅटला स्वयंपाकघराचा पाइप वेगळा, दोन बाथरूमचे वेगळे, वरून तीन-चार ठिकाणी पाणी उतरतं, म्हणजे एका घराला तीन-चार मीटर आणि त्याचा खर्च ऐकून मीटिंग तिथेच संपते. माझं मत विचाराल तर दोन भाग करा. टाकी, मोटर, वीज, दुरुस्ती हे घरटी सारखं, कारण ते सगळ्यांसाठी उभं आहे, तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी. टँकरच्या पाण्याचा भाग माणशी, आणि माणसं वर्षातून दोनदाच मोजायची, पाहुणे माफ. दोन माणसांच्या घराला हे पटेल, सात माणसांचं कुरकुर करेल, पण निदान कशाचे पैसे ते दिसेल.

वाटणी करायच्या आधी आणखी एक करा, गळती शोधा. फ्लशच्या टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय. ही गळती आवाज करत नाही, फरशी ओली करत नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालते. सगळ्या घरांनी एकाच रविवारी केलं तर एखादा टँकर कमी लागेल कदाचित, आणि रंगीत पाणी बघायला पोरांना पण मजा.

प्रश्न: मी भाड्याच्या एका खोलीत राहते, टाकी ठेवायला जागा नाही, टेरेसवर मालक ठेवू देत नाही. दोन बादल्या आणि एक पिंप, बाकी कॅन विकत. पगार कमी आणि पाण्यावर खर्च जास्त, हे उलटं कसं?

उत्तर: उलटंच आहे, तुमचा हिशोब चुकलेला नाही. ज्याच्याकडे मोठी टाकी तो नळाचं स्वस्त पाणी भरून ठेवू शकतो, ज्याच्याकडे टाकी नाही त्याने तेच पाणी थोडं थोडं करून विकत घ्यायचं, आणि थोडं थोडं घेतलं की लिटरमागे महाग पडणारच. टँकरवाला एका खोलीला पाणी देत नाही आणि कॅनवाला टँकरच्या भावात देत नाही.

जागा वाढवता येणार नाही, मग पाण्याची वर्गवारी करा. विकतचं पाणी फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला, आंघोळ-धुण्याला थेंब नाही. माणसाला सगळं धरून दिवसाला 50 ते 100 लिटर पाणी लागतं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, त्यात प्यायचं म्हणाल तर दोन-तीन लिटरच. केपटाउनमध्ये 2018 च्या फेब्रुवारीत धरणं आटली तेव्हा माणशी 50 लिटरची मर्यादा घातली होती, आंघोळ दोन मिनिटांत, तेच पाणी पुन्हा फ्लशला, आणि शहराने निभावलं. तुम्ही बहुधा त्याहून कमीतच भागवत असाल, फक्त तुमच्यावर बातमी होत नाही. नळाचं पाणी कापडाने गाळून उकळून प्यायलात तरी कॅनचा खर्च कमी होईल, मात्र गॅस धरून हिशोब करा, कधीकधी फरक वाटतो तेवढा नसतो. मालकाशी बोलताना शेजारच्या खोल्यांना सोबत घ्या, सगळ्यांसाठी मिळून एक टाकी मागितली तर एकटीला जसा नकार देतो तसा देणं जड जाईल.

प्रश्न: सासूबाई नवं पाणी आलं की कालचं सगळं ओतून देतात, म्हणतात शिळं झालं. मला जीव तुटतो. पाणी शिळं होतं का? किती दिवस ठेवावं? आणि आमच्याकडे आरओ आहे तर काळजी करायची का?

उत्तर: भाजीसारखं शिळं होत नाही. होतं काय, तर त्यातलं क्लोरीन हळूहळू उडून जातं आणि मग कुणी हात घातला, ओला पेला बुडवला की जंतूंना मोकळं रान. दोष पाण्याचा कमी आणि हाताचा जास्त. झाकण असलेलं, खाली तोटी असलेलं भांडं घ्या किंवा लांब दांड्याचा डाव ठेवा. शंका असेल तर बिनवासाचं साधं ब्लीच, 5-6 टक्क्यांचं, लिटरला 2 थेंब, ढवळून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा आणि थेंब दुप्पट. सासूबाईंना ओतायचंच असेल तर झाडांना ओतू दे, मोरीत नको.

डासांचा विचार केला तर मात्र भांडं रिकामं करण्यात सासूबाईंचं बरोबर आहे थोडं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, भांड्याच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून कडा घासायच्या, नुसतं ओतून पुन्हा भरलं तर अंडी तिथेच.

आरओचं: आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम, ते बघा. 600 च्या खाली असेल तर चवीला ठीक मानतात आणि बहुतेक घरांना आरओची गरज नसते, साधा फिल्टर आणि यूव्ही पुरतो. टीडीएस कमी म्हणजे जंतू नाहीत असं मात्र नाही, टीडीएसचं यंत्र क्षार मोजतं, जंतू नाही. घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर तरी बाहेर टाकतो. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हे बघवत नाही, तो पाइप बादलीत सोडा आणि लादी पुसायला घ्या.

प्रश्न: आम्ही म्हणतो बिल वाढवा पण 24 तास पाणी द्या. लोक द्यायला तयार असतात का?

उत्तर: असतात. त्याच काठमांडूच्या पाहणीत लोक चांगल्या पाण्यासाठी जेवढं द्यायला तयार होते ते त्यांच्या तेव्हाच्या जुगाडाच्या खर्चापेक्षाही जास्त निघालं. अडतं ते विश्वासावर. आधी दर वाढले आणि पाणी तेवढंच राहिलं असं झालं की पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही. कंबोडियाच्या नॉम पेन्हमध्ये 1993 मध्ये सोडलेल्या पाण्यातलं 72 टक्के पाणी गळतीत, चोरीत, हिशोबाबाहेर जात होतं. एक सॉन चान नावाचे अधिकारी आले, गळत्या बुजवल्या, सगळ्यांना मीटर लावले, बड्या लोकांनाही बिल भरायला लावलं, आणि पुढे तो आकडा 6 टक्क्यांच्या आसपास आला आणि शहराला 24 तास पाणी मिळायला लागलं. 2006 मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. तेव्हा बिल वाढवायचा ठराव आला की आधी विचारा, हरवणारं पाणी किती टक्के आहे आणि ते कुठे छापता.

प्रश्न: मला 24 तास नको, फक्त कधी येणार ते कळलं तरी पुरे. असं काही होत नाही का?

उत्तर: मला विचाराल तर सगळ्या पत्रांतलं हे सगळ्यात शहाणं पत्र. जॉर्डनच्या अम्मानमध्ये बऱ्याच भागांत पाणी आठवड्यातून एकदाच सोडतात, पण वार ठरलेला असतो, म्हणून गच्चीवर टाक्या ठेवून कपडे-साफसफाई सगळं त्या दिवशी उरकून घेतात. पाणी कमी, पण जागरण नाही. हुबळी-धारवाडला आणि पुढे बंगळुरूत मोबाइलवर मेसेज पाठवून पाण्याची वेळ कळवायचा प्रयोग झाला होता, व्हॉल्व्ह उघडणारा माणूस कळवणार आणि मेसेज जाणार. कल्पना झकास, पण व्हॉल्व्ह उघडणारा दर वेळी कळवेलच असं नाही, आणि मेसेज ज्याच्या फोनवर जायचा तो कामावर आणि नळापाशी वाट बघणारी घरात. तेव्हा तुमच्याकडे असं काही सुरू झालं तर नंबर देताना नळापाशी जो थांबतो त्याचा द्या.

तोवर स्वतः नोंद ठेवा. महिनाभर नळाशेजारी कागद चिकटवा: आलं किती वाजता, गेलं किती वाजता, आणि 20 लिटरची बादली किती मिनिटांत भरली. 4 मिनिटं लागली म्हणजे मिनिटाला 5 लिटर, आणि पाणी 45 मिनिटंच असेल तर सगळं मिळून 225 लिटर. आता हजार लिटरची टाकी घ्यायला निघाला असाल तर थांबा, ती भरणारच नाही, आधी प्लंबरला बोलवून मीटरपासून आतला पाइप गंजून बारीक झालाय का ते बघून घ्या.